जुन्या ओम्नीच्या दाराची हँडलं: ओरिजिनल, लोकल की क्रोमची?

रानजाई (मिरज)

मंडळी, बाबांची २००७ ची ओम्नी आहे, पाच सीटची, पेट्रोल. डावीकडच्या सरकत्या दाराचं बाहेरचं हँडल मुळापासून तुटलंय. सध्या पुढच्या सीटवरून मागे हात घालून आतल्या हँडलने दार उघडतो. ड्रायव्हरच्या दाराचं हँडल शाबूत आहे, पण ओढल्यावर आपलं आपण परत बसत नाही, हाताने ढकलावं लागतं.

"विकून टाका" असं कृपया कोणी लिहू नका. आजीला रिक्षात चढता येत नाही, ओम्नीच्या सरकत्या दारातून ती नीट बसते. आमची रोपवाटिका आहे, बाजारात रोपं न्यायलाही हीच गाडी. पंधरा वर्षांनंतरचं रजिस्ट्रेशन करून घेतलंय, पर्यावरण कर भरलाय, म्हणजे अजून काही वर्षं ती आमच्याकडेच आहे.

दुकानदाराने तीन प्रकार दाखवले. कंपनीच्या पाकिटातलं काळं, त्याच्यासारखंच दिसणारं लोकल काळं (किंमत निम्म्याहून कमी), आणि एक जड, चकचकीत क्रोमचं. "ताई, हे धातूचं आहे, परत तुटायचं नाव नाही," असं म्हणाला. बाबांना ते पटलंय, मला खात्री वाटत नाही. चारही दारांची एकदम बदलावीत का, हाही प्रश्न आहे.

घाटवळण

हिंदी सिनेमातल्या अपहरणकर्त्यांना ही अडचण कधीच आली नाही. त्यांच्या ओम्नीचं दार नेहमी एका झटक्यात उघडतं. :)

गंमत सोडा. इकोचं हँडल बसत नाही का हिला? इकोचे पार्ट कुठेही मिळतात.

पानापक्कड (पुणे)

घाटवळण, नाही बसत. इकोची बॉडीच वेगळी. पत्र्याचं भोक कानशीने मोठं करून कसलंही हँडल बसवून देणारे महाभाग आहेत, पण तिथून पाणी आत जातं आणि दोन पावसाळ्यांत दार खालून कुजतं. ओम्नीला ओम्नीचंच हँडल लावायचं. गाडी २०१९ ला बंद झाली तरी रस्त्यावर इतक्या आहेत की हँडलासारखा पार्ट मिळायला त्रास नाही.

रानजाई, कुठलं घ्यायचं ते जरा बाजूला ठेवा. जुनं का तुटलं ते आधी बघा.

सरकत्या दाराच्या हँडलकडून आपण दोन कामं करून घेतो. लॉक सोडवणं हे त्याचं खरं काम, त्याला दोन बोटांचा जोर पुरतो. पण लॉक सुटल्यावर तेच हँडल धरून आपण अख्खं दार मागे ओढतो. रोलर घासलेले असतील, चॅनलमध्ये (रोलर ज्या खाचेतून सरकतात तिच्यात) माती बसली असेल, तर तो सगळा ओढा हँडलच्या पायांवर येतो. पुढच्या दाराला बिजागरी असतात, तिथे हा प्रश्न नाही. म्हणूनच सरकत्या दाराची हँडलं आधी जातात.

दार उघडं ठेवून आतलं पॅड काढा. हँडलकडून लॉकच्या मशीनकडे जाणारा रॉड दिसेल. स्क्रू ड्रायव्हरने लॉकची जीभ बंद स्थितीत फिरवा आणि रॉड बोटाने ओढा. टक्‌कन सुटली पाहिजे. बोटाला जोर लावावा लागला तर मशीन सुकलेलं आहे. पेट्रोलने नाहीतर डिझेलने धुवा, वाळू द्या, मग ग्रीस द्या. जुन्या चिखलावर नवं ग्रीस फासण्यात अर्थ नाही.

दुसरी तपासणी दार बंद करून. एकाने बाहेरून तळव्याने दार आत दाबून धरायचं, दुसऱ्याने आतलं हँडल ओढायचं. दाबल्यावर हलकं आणि न दाबता जड, असं असेल तर स्ट्रायकर (चौकटीवरचा खुंटा, ज्यात लॉकची जीभ अडकते) फार आत बसलाय किंवा बीडिंग (दाराच्या कडेचं रबर) जाड आहे. दार सतत ताणात असतं आणि तो ताण प्रत्येक वेळी हँडलने सोडवावा लागतो.

हे न करता नवीन हँडल लावलंत तर कुठलंही लावा, परत दुकानात जाल.

रानजाई

काका, बीडिंग! मागच्या वर्षी पाणी येत होतं म्हणून गॅरेजवाल्याने डाव्या दाराचं बीडिंग बदललं होतं. तेव्हापासून दार आपटूनच बंद करावं लागतं. "नवीन आहे, बसेल हळूहळू," असं सांगितलं होतं त्याने.

पानापक्कड

मग कारण जवळपास सापडलंच. मूळ बीडिंगपेक्षा जाड रबर असणार ते. रबर बरं असेल तर काढू नका, स्ट्रायकर अगदी किंचित बाहेर घ्या. आधी त्याच्या कडेने पेन्सिलने रेघ मारून ठेवा, म्हणजे किती सरकला ते कळतं आणि बिघडलं तर परत जागेवर आणता येतो. त्याचे स्क्रू फार घट्ट असतात, साध्या स्क्रू ड्रायव्हरने डोकं गुळगुळीत कराल. मोठं बिट लावून, वरून हातोडीचे दोन ठोके देऊन मग फिरवा.

वऱ्हाडी_गडी (अकोला)

क्रोमवाल्याच्या नादी लागू नका ताई. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते. दुपारी उन्हात उभ्या गाडीचं क्रोमचं हँडल धरून पाहा म्हणा त्या दुकानदाराले. हाताले चटकाच बसते! मी रुमाल गुंडाळून दार उघडत होतो बाप्पा. शेवटी काढून फेकलं.

लोकलचं काळं बी आमच्या उन्हात टिकत नाही. पहिल्या उन्हाळ्यात पांढरं पडते, दुसऱ्यात चिरा जाते.

साचा_डाय (कोल्हापूर)

वऱ्हाडी म्हणतात त्यामागचं कारण सांगतो. उद्यमनगरात माझं इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून वस्तू बनवायचं काम आहे. गाड्यांची हँडलं बनवत नाही, पण प्लॅस्टिक रोज बघतो.

स्वस्त हँडल बहुधा एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचं असतं. एबीएसला चिवटपणा येतो तो त्यातल्या रबरासारख्या घटकामुळे, ब्युटाडाइनमुळे. नेमका तोच घटक ऊन आणि हवेने आधी मरतो. मग वरचा थर पांढुरका आणि ठिसूळ होतो आणि चीर तिथूनच सुरू होते. त्यात कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पूड) नीट मिसळलेलं असेल तर ऊन आत शिरत नाही, आयुष्य वाढतं. पण लोकल मालात बरेचदा रिग्राइंड असतो, म्हणजे मोल्डिंगमधला वाया गेलेला माल दळून परत वापरलेला. दर वेळी वितळताना प्लॅस्टिकची ताकद कमी होते. चांगल्या हँडलला काच-तंतू घातलेलं नायलॉन वापरतात. ते कडक असतं, उन्हातही बरं टिकतं.

दुकानात ओळखायचं कसं? हँडल उलटं करा, पुढचा भाग सगळ्यांचाच छान असतो. मागे जिथे पिन बसते आणि जिथून रॉड ओढला जातो, ती जागा बघा. तिथे आडव्या-उभ्या पट्ट्या (आम्ही रिब म्हणतो) हव्यात आणि कोपरे किंचित गोल हवेत. कोपरा काटकोनात असेल तर चीर तिथेच पडणार. भोकाच्या बाजूला केसासारखी रेघ दिसली तर ती जोडरेघ. वितळलेलं प्लॅस्टिक भोकाला दोन बाजूंनी वळसा घालून जिथे परत भेटतं, तिथे ती पडते आणि ती जागा सगळ्यांत कच्ची असते. चांगल्या साच्यात ही रेघ ताण नसलेल्या बाजूला ढकललेली असते. शेवटी फ्लॅप (हँडलचा ओढायचा भाग) ओढून बाजूला हलवून बघा. पिनेवर डुगडुगत असेल तर परत ठेवून द्या.

क्रोमचं "धातूचं" म्हणून विकतात ते दोन प्रकारचं असतं. एक जस्ताच्या मिश्रधातूचं डायकास्ट (साच्यात ओतलेलं), ते खरंच जड असतं. दुसरं एबीएसवर क्रोमचा मुलामा. नखाने वाजवा, आवाजावरून कळतं. मुलाम्याचं पापुद्रे सुटायला लागलं की कडा ब्लेडसारख्या होतात. लहान मुलं असलेल्या घरात नकोच.

घाटवळण

प्रतिसाद आवडला. पण डायकास्ट खरं असेल तर घ्यायला काय हरकत? चटक्याचं सोडा, मिरजेत अकोल्याइतकं तापत नाही.

पानापक्कड

हरकत अशी की हँडल तुटलं नाही तर पुढचं तुटतं. दार जाम आहे, तुम्ही ओढताय, हँडल धातूचं आहे. मग क्लिप जाते, नाहीतर रॉड वाकतो, नाहीतर मशीनचा कान. हँडल बदलता तरी येतं. मशीन गेलं की खर्च वेगळा आणि दार बंद स्थितीत अडकलं तर पॅड काढायलाही जागा मिळत नाही. कंपनीने तिथे प्लॅस्टिक घातलं ते काही फक्त पैसे वाचवायला नाही.

मांडवीकाठ (पणजी)

माझं मत थोडं वेगळं आहे. आमच्याकडे खाऱ्या हवेमुळे हँडलचं प्लॅस्टिक मरायच्या आधी पिन आणि स्प्रिंग मरते. तुमच्या ड्रायव्हरच्या दाराचं जे होतंय, ओढल्यावर परत न बसणं, ते शंभर टक्के स्प्रिंगचं किंवा गंजलेल्या पिनेचं लक्षण. ते हँडल बदलू नका. काढा, पिन साफ करा, स्प्रिंग तुटली असेल तर तेवढीच घाला. माझ्या मिस्त्रीने तशाच जाडीची स्टेनलेसची तार कापून पिन बनवून दिली, त्यानंतर त्या दाराने तक्रार केलेली नाही.

हँडलच्या खाली रबराचं पातळ पॅकिंग असतं, ते नवीन हँडलबरोबर येतंच असं नाही. लोकलबरोबर तर नाहीच. ते नसलं की हँडल पत्र्यावर घासतं, रंग जातो आणि हँडलच्या आकाराची गंजाची चौकट तयार होते. जुनं पॅकिंग जपून काढा, फाटलं असेल तर सायकलच्या ट्यूबमधून कापून घ्या.

पानापक्कड

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

पानापक्कड

(वरचा प्रतिसाद दोनदा पडला होता.) मांडवीकाठ, ड्रायव्हरच्या दाराबद्दल पूर्ण सहमत.

व्हॅनकाका (नाशिक)

मी शाळेची मुलं नेतो. माझं सरकतं दार दिवसातून जितक्या वेळा उघडतं तितकं घरच्या गाडीचं महिन्यात उघडत नसेल. बाहेरच्या हँडलवर इतकी चर्चा झाली, आतल्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

ताई, तुम्ही आत्ता आतल्या हँडलने दार उघडताय म्हणजे दोघांचं काम एकटं तेच करतंय. तेही तपासा. आणि दाराच्या कडेला चाइल्ड लॉकचा खटका असेल तर तो खाली-वर कुठे आहे ते आत्ताच बघून ठेवा. चाइल्ड लॉक लागला की आतलं हँडल नुसतं हलतं, दार उघडत नाही. बाहेरचं तुटलेलं आणि चाइल्ड लॉक चुकून लागलेला, अशा वेळी दार बंद झालं तर ते ना आतून उघडेल ना बाहेरून. आजी मागे बसतात म्हणालात, म्हणून मुद्दाम सांगतोय. हँडल बसेपर्यंत उजव्या बाजूनेच बसवा त्यांना.

मी मुलांना पहिल्या दिवशी एकच शिकवतो. हँडल फक्त खटका सोडवायला. दार सरकवायचं ते कडेला धरून. ज्या मुलाला हे जमतं त्याला दार उघडायचा मान. त्या मानासाठी भांडणं होतात, पण माझी हँडलं टिकतात.

एडिसनकर

न्यू जर्सीतून लिहितोय. आमची २००६ ची टोयोटा सिएना आहे, तिच्याही सरकत्या दाराचं बाहेरचं हँडल मागच्या हिवाळ्यात गेलं. रात्री पाऊस, पहाटे शून्याखाली, रबराला दार चिकटलेलं. भारतातून आलेल्या मेहुण्याने जोर लावला आणि हँडल हातात. बिचाऱ्याला अजून चिडवतो आम्ही.

इकडे निवड जरा वेगळी असते. ओम्नीचं हँडल काळंच, इकडे बॉडीच्या रंगाचं लागतं. डीलरकडे रंगवलेलं मिळतं पण महाग. बाहेरचं स्वस्त मिळतं, ते नुसतं प्रायमर मारलेलं किंवा काळं, रंग तुम्ही मारायचा. रंगाचा कोड ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर असतो. पण वीस वर्षं उन्हापावसात काढलेल्या गाडीशी नव्या डब्यातला रंग कोड बरोबर असूनही जुळत नाही. मी भंगारवाड्यातून घेतलं. इथे आपली हत्यारं घेऊन आत जायचं, हवा तो पार्ट स्वतः काढायचा आणि दारावर पैसे द्यायचे. त्याच रंगाची गाडी सापडली, म्हणून रंगाचा प्रश्नच मिटला. पण भंगारातलं हँडलही तितकंच म्हातारं असतं, हे डोक्यात ठेवून घ्यावं लागतं.

पॉवरवाली सरकती दारं असतील तर आधी त्याचं बटण बंद करा, मग पॅडला हात लावा. ओम्नीला तो ताप नाही, सुखी आहात.

एक विचारायचं होतं. ऑनलाइन मागवताना लेफ्ट-राइट कसं धरता तिकडे? इथे लेफ्ट म्हणजे ड्रायव्हरची बाजू.

पानापक्कड

एडिसनकर, सीटवर पुढे तोंड करून बसल्यावर जो डावा हात तो डावा. दोन्हीकडे नियम एकच, फक्त आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे. गाडीसमोर उभं राहून डावं-उजवं ठरवणारे बरेच असतात, म्हणून दुकानात जाताना तुटलेलं हँडल बरोबर न्यावं. ओम्नीत पुढच्या आणि सरकत्या दाराच्या हँडलची गल्लत होते, तीही टळते. ओरिजिनल घेणार असाल तर आरसी बुकवरचा चासी नंबर द्या, त्यावरून पार्ट नंबर काढून देतात.

भंगाराबद्दल म्हणाल तर मुंबईत कुर्ल्याला जुने पार्ट मिळतात. पण हँडलासाठी तेवढी पायपीट कशाला? मशीन किंवा पूर्ण दार हवं असेल तेव्हा जुना बाजार. पुण्यात असाल तर नाना पेठेत तिन्ही प्रतींचं हँडल शेजारी ठेवून बघता येईल.

रानजाई

सगळ्यांचे आभार. रविवारी बाबा आणि मी पॅड उघडलं.

मशीन सुकलं नव्हतं, रॉड बोटाने सहज सुटत होता. दार दाबून बघितलं तेव्हा मात्र काकांनी सांगितलं तेच, दाबल्यावर लोण्यासारखं आणि न दाबता दगड. खालच्या चॅनलमध्ये कोकोपीट आणि शेणखत घट्ट बसलेलं होतं. रोपं त्याच दारातून चढवतो ना! मधला रोलर फिरतच नव्हता, नुसता घासत होता. रोलर नवीन घातला, स्ट्रायकर थोडा बाहेर घेतला. दार आता माझी भाची एका हाताने सरकवते.

हँडल कंपनीचं घेतलं. साचा_डाय म्हणाले तसं दुकानात दोन्ही उलटी करून बघितली. लोकलच्या रॉडच्या भोकाशी ती केसासारखी रेघ अगदी स्पष्ट होती. दुकानदाराला दाखवली तर तो म्हणाला, "ताई, एवढं कोण बघतं?" बाबांचं क्रोमचं मन चटक्याच्या गोष्टीने वळलं. ड्रायव्हरच्या दाराचं काढून पिन साफ केली, स्प्रिंग बदलली, ते चालू झालं. बाकीच्या दोन दारांना हात लावला नाही.

एक अडचण आहे. हँडल लावून रॉड जोडलाय, पण हँडल पूर्ण ओढल्याशिवाय जीभ सुटत नाही. आतल्याने लगेच सुटते. दार अजून बंद केलेलं नाही, स्क्रू ड्रायव्हरनेच तपासतेय.

व्हॅनकाका

दार बंद न करता तपासलंत हे फार बरं केलंत.

पानापक्कड

रॉडच्या टोकाला आटे असतील, त्यावर प्लॅस्टिकची छोटी नट-क्लिप असते. ती थोडी थोडी फिरवून रॉडचा ढिलेपणा कमी करत न्या. हँडल साधारण अर्धं ओढल्यावर जीभ सुटली पाहिजे. पण सगळा ढिलेपणा काढू नका. हँडल मोकळं असताना रॉडला किंचित खेळ हवा. तो नसेल तर मशीन कायम अर्धवट ओढलेलं राहतं, दार लागल्यासारखं दिसतं आणि चालत्या गाडीत सुटू शकतं. तुमच्याकडे आजी बसतात, म्हणून घट्ट करण्यापेक्षा किंचित सैल बरं.

क्लिपचा कान तडकलेला असेल तर तीही नवीन घ्या. तारेने बांधू नका.

वऱ्हाडी_गडी

ताई, पुढच्या दाराची काच फिरवायची दांडी कशी काढली? माह्या गाडीची निघतच नाही. स्क्रूच दिसत नाही कुठं.

रानजाई

स्क्रू नसतोच. दांडीच्या मागे इंग्रजी सीच्या आकाराची तारेची क्लिप असते. जुन्या सुती कापडाची पट्टी दांडी आणि पॅडच्या मध्ये घाला, दोन्ही टोकं धरून डावी-उजवी ओढा. कापडाचा धागा क्लिपच्या टोकाला अडकतो आणि ती सुटते. उडून जाते, तेव्हा खाली चादर अंथरा. बाबांनी हे आधी केलेलं होतं म्हणून माहीत.

काका, क्लिप दोनदा फिरवल्यावर जमलं. अर्ध्यावर सुटतंय, खेळही आहे. आता पॅड लावते.

मांडवीकाठ

थांबा! पॅड लावायच्या आधी दाराच्या तळाची भोकं बघा. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून निघतं. तुमच्या कोकोपीटने ती नक्की बुजली असणार. आणि आतली पॉलिथिनची शीट फेकू नका. कडेला डिंक सुकला असेल तर नवीन लावून चिकटवा, नाहीतर पाणी पॅडच्या पुठ्ठ्यात जातं आणि पॅड फुगतं.

रानजाई

बुजली होतीच. सायकलच्या स्पोकने मोकळी केली, मग पाणी ओतून बघितलं, चारी भोकांतून वाहतंय. शीट फाटलेली होती, खताच्या जाड पिशवीतून नवीन कापली. पॅड बसलं.